जुना व्हॅक्यूम क्लीनर गेला, आता नवीन कोणता घ्यावा? (सांगली)

विश्रामबागवाली
नमस्कार मंडळी. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बदलायची वेळ आलीय आणि रिव्ह्यू वाचून वाचून डोकं भंजाळलंय, म्हणून इथे विचारतेय. आमचा जुना म्हणजे आडवा, चाकांवाला, आत कापडी पिशवी असलेला, लग्नानंतर लगेच घेतलेला. आता तो ओढतच नाही, सोफ्यावर सांडलेले भडंगाचे कुरमुरे तिथेच बसून राहतात आणि मागून जळका वास येतो. सर्व्हिसवाल्यांनी न उघडताच सांगून टाकलं की मोटर गेली, पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या.

घर विश्रामबागला, दुसरा मजला, टू बीएचके, सगळीकडे टाइल्स, गालिचा एकच पण गाद्या कापसाच्या. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, सकाळी उठला की शिंकांची माळ. समोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलाय आणि सीझनला पाचट पेटवलं की काळी काजळी थेट गॅलरीत. बजेट दहापर्यंत, फारच चांगलं असेल तर पंधरा. ह्यांना रोबो हवाय, सासूबाई म्हणतात केरसुणीला काय धाड भरलीय. मला एक २००० वॉटचा दिसतोय आणि एक १२०० चा, २००० वालाच घ्यावा ना?

शंभरफुटी
वॉट बघून घेऊ नका हो. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, ओढतं किती ते नव्हे. गाडी पेट्रोल जास्त पिते म्हणून जोरात पळते असं असतं का? युरोपात तर २०१४ साली १६०० वॉटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम विकायला बंदी आली आणि २०१७ ला ती मर्यादा ९०० वर आणली, तरी तिथली घरं काय घाण राहिली नाहीत, कंपन्यांनी पंखा आणि ब्रशचं डिझाइन सुधारलं.

बघायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे ओढ, ती किलोपास्कलमध्ये लिहितात, आणि दुसरी हवा किती जाते, म्हणजे सेकंदाला किती लिटर. गंमत अशी की किलोपास्कलचा आकडा पाइपाचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, तेव्हा हवा वाहतच नसते! म्हणून नुसत्या त्या आकड्यावर भुलू नका, कचरा उचलून पिशवीपर्यंत नेते ती वाहती हवा. दोन्ही मिळून जे होतं त्याला एअर वॉट म्हणतात, खोक्यावर एअर वॉट लिहिलं असेल तर तोच आकडा खरा कामाचा. बऱ्याच जणांनी लिहिलेला नसतो, का ते तुम्हीच समजा.

भडंगप्रेमी
सांगलीत राहून भडंग सोफ्यावर सांडता?? आधी त्याचा निषेध.
बाकी धागा फॉलो करतोय, आमच्याकडे पण हाच विषय सुरू आहे.

कुपवाड_एमआयडीसी
ताई मशिन लगेच टाकू नका. न उघडता मोटर गेली म्हणत्यात त्याला काय अर्थ हाय. ह्या मशिनीत युनिव्हर्सल मोटर असती, मिक्सरात असती तसलीच, आत दोन कार्बन ब्रश असत्यात ते झिजतातच, झिजायलाच बनवल्यात. ब्रश संपले की ठिणग्या उडतात, वास येतो, मोटर अडखळती. वायंडिंगवाल्याकडं जावा, ब्रश किरकोळीत बसवून देतो.

पण त्याआधी घरीच बगा. पाइप काढा, मशिनीच्या तोंडाला तळवा लावा. तिथं ओढ दणकून असली तर मोटर ठणठणीत हाय, पाइप तुंबलाय न्हाईतर कुठंतरी फाटलाय. तिथंच ओढ नसली तर पिशवीमागचा फिल्टर काढून परत बगा. आनि एक, पाइप तुंबला की मशिनीचा आवाज बारीक आनि चढा होतो, लोकांना वाटतं मोटरला लोड आला. उलट हाय, हवाच न्हाई तर पंख्याला काम काय, मोटर मोकळी सुटती. पण ह्या कोरड्या मशिनीत तीच हवा मोटरला गार करती, म्हणून तसंच चालू ठिवलं तर मोटर तापून जळती. सांगलीत निम्म्या मशिनी अशाच मरतात, तुंबून.

विश्रामबागवाली
दादा खूप धन्यवाद, कोणी इतकं सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तळवा लावून बघितलं, फिल्टर काढूनसुद्धा ओढ नाहीच. मग दिराने उघडली. ब्रश संपलेत ते आहेच पण ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात त्या खडबडीत झाल्यात आणि वायंडिंगचा एक भाग पार काळा पडलाय.

कुपवाड_एमआयडीसी
मग आर्मेचर, म्हंजी मोटरीचा आतला फिरता भाग, गेलं. आता त्यात पैसे घालू नका. वायर, चाकं आनि नळ्या मात्र काढून ठिवा, कामाला येतात.

रोबोमालक
मी रोबोच सुचवेन. लेझरवाला घ्या, तो घराचा नकाशा बनवतो, मोबाइलवर खोली निवडायची आणि ऑफिसला जायचं. पलंगाखाली, दिवाणाखाली जिथे मावशींचा झाडू कधीच पोचत नाही तिथे रोज जातो. आमच्याकडे दिवसाआड चालवतो आणि डबा उघडला की आपण काय धुळीत राहत होतो ते कळतं. पुसतोसुद्धा.

हरिपूरचं_पेव
पुसतो म्हणजे ओलं फडकं ओढत नेतो, दाबून पुसत नाही. चहाचा वाळलेला डाग तिथेच राहतो. आणि उंबऱ्याचं काय? बहुतेक रोबो दोनेक सेंटीमीटरच्या वर चढत नाहीत, आमच्या घरात एकेक उंबरा असा आहे की माणूससुद्धा ठेचकाळतो.

अजून एक, ताईंना गाद्या आणि सोफा साफ करायचाय, शिंका तिथून येतायत. रोबो गादीवर कसा चढणार? रोबोच्या खोक्यावर ५००० पास्कल असं मोठ्या अक्षरात असतं, म्हणजे ५ किलोपास्कल झाले. साध्या वायरवाल्या डब्याला पंधरा-वीस सहज असतात. रोबो रोज थोडं थोडं उचलतो म्हणून घर स्वच्छ दिसतं हे मान्य, पण तो दुसरं मशीन म्हणून ठीक, एकुलतं एक म्हणून नाही.

रोबोमालक
उंबरे आमच्या फ्लॅटला नाहीत त्यामुळे तो मुद्दा तुमचा बरोबर. बाकी रोज झाडायचा कंटाळा आहे की गाद्या साफ करायच्यात हे ताईंनी ठरवावं.

हरिपूरचं_पेव
हो आणि दारातली रांगोळी बाहेर ठेवा. सणाच्या दिवशी नातेवाइकांच्या रोबोनं लक्ष्मीची पावलं पुसून टाकली, पुढे सगळ्या घरभर गुलाबी रेघा. 😂

विनोद सोडा, पण रांगोळीची पूड कुठल्याच व्हॅक्यूमला चांगली नाही. ती दगडाची पूड, फार बारीक, फिल्टरच्या छिद्रांत जाऊन बसते. हळदीचंही तेच, आमच्याकडे हळदीचं काम असतं म्हणून सांगतो, एकदा फिल्टर पिवळा झाला की धुऊनही पहिल्यासारखा होत नाही. पीओपी, सिमेंट, पीठ, उदबत्तीची राख सगळं ह्याच जातीतलं. आधी झाडूनं सुपलीत भरा, मग उरलेल्यावर मशीन फिरवा, तेही आत पिशवी असेल तरच.

मिरजेचा_तंबोरा
अ‍ॅलर्जीबद्दल लिहितो, आईला दमा आहे त्यामुळे ह्यात बरंच शिकायला मिळालं.

पहिलं म्हणजे पिशवीवाला की बिनपिशवीचा. बिनपिशवीचे पारदर्शक डबे दिसायला मस्त, कचरा गोल फिरताना दिसतो, पिशव्यांचा खर्च नाही. पण तो डबा कचऱ्याच्या बादलीत उलटा केला की धुळीचा ढग तोंडावर. ज्याला शिंका येतात त्याच्या घरी हा प्रकार नको. बंद होणारी कापडासारखी जाड पिशवी असेल तर तोंड लावून सरळ टाकून देता येते, आणि ती स्वतःच एक फिल्टर असते. खर्च येतो, पण तो मी औषधाच्या खात्यात धरतो.

दुसरं हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर. एच-१३ दर्जाचा फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड असे कण, म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, तेही ९९.९५ टक्के अडवतो. पण खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नसतो, दर्जा लिहिलाय का बघा. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी डब्याच्या झाकणाचं रबर ढिलं असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर येते, मग हेपा नुसता शोभेला. दुकानात मशीन चालू करायला सांगा आणि झाकणाच्या कडेनं हात फिरवून बघा, वारा लागतोय का.

तिसरं, ज्यावर कोणी बोलत नाही. गादीतल्या धूळकिड्यांची अ‍ॅलर्जी असेल तर ती जास्त करून त्यांच्या विष्ठेमुळे असते, आणि ते कण तुलनेनं मोठे, १० मायक्रॉन आणि त्याहून मोठे. ते हवेत फार वेळ तरंगत नाहीत, खाली बसतात. म्हणजे हेपापेक्षाही गादी हळूहळू, दाबून, दोन्ही बाजूंनी ओढणं महत्त्वाचं, आणि त्या वेळी मुलाला त्या खोलीत ठेवायचं नाही, नंतरही थोडा वेळ. जिवंत किडे मात्र कापडाला धरून बसतात, व्हॅक्यूमनं सगळे निघत नाहीत. चादरी-अभ्रे ६० अंशाच्या पाण्यात धुवा, त्यात ते मरतात. कापसाच्या गाद्यांना घट्ट विणीची खोळ घाला. नुसत्या मशीनवर सगळं सोडलंत तर निराशा होईल.

विश्रामबागवाली
हे फारच उपयोगी. म्हणजे गादीसाठी वेगळा ब्रश लागेल ना?

मिरजेचा_तंबोरा
हो, रुंद आणि चपट्या तोंडाचा. फिरता ब्रश असलेला मिळाला तर उत्तम, पण तो नसला तरी चालतं, हळू फिरवा एवढंच.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. वायरलेस काठीवाल्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे आहे आणि खरं सांगायचं तर वायरवालं मशीन माळ्यावर पडून असायचं, हे भिंतीला टांगलेलं असतं म्हणून रोज हातात येतं. वापरलं जातं ते मशीन चांगलं, असं माझं मत. छोटी मोटर पण प्रचंड वेगात फिरते, डायसनच्या व्ही-१० मध्ये मिनिटाला १,२५,००० पर्यंत फेरे, आणि कार्बन ब्रशची भानगडच नाही.

शंभरफुटी
पण बॅटरी? जोरात लावलं की दहा मिनिटांत मान टाकतात. साध्या स्पीडवर अर्धा तास वगैरे चालेल पण त्या स्पीडला गादीतलं काय निघणार. आणि लिथियमची बॅटरी काही वर्षांत उतरतेच, तेव्हा तीच बॅटरी बाजारात मिळेल का हे घेण्याआधी विचारा. स्वस्तातल्या ऑनलाइन ब्रँडला तर पुढच्या वर्षी ते मॉडेलच नसतं.

अजिंक्यतारा
बॅटरी बाहेर निघणारी घ्यायची, हे पथ्य पाळलं की झालं. पण ताईंच्या बजेटात चांगली काठी बसणार नाही हे मान्य. पंधरात जे येतं ते भडंगापुरतं.

भडंगप्रेमी
भडंगाला कोणी कमी लेखू नये, तेलकट शेंगदाणा उचलून दाखवा म्हणावं.

गावभागकर
सगळं वाचलं. आता माझं ऐका, सांगलीत राहायचं असेल तर ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा ड्रमवालाच घ्या. इनाल्सा, अगारो, कार्चर, कुठलाही, ज्याची सर्व्हिस जवळ असेल तो. साताठ हजारांत बरे मिळतात.

का सांगतो, तर आम्ही गावभागात. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे घरात काय झालं असेल ते तुम्ही सांगलीकर असाल तर सांगायला नको. तेव्हा फावडं, खराटा आणि बादल्या ह्यावरच सगळं घर काढलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ड्रमवाला घरात होता, वर माळ्यावर नेऊन ठेवलेला म्हणून वाचला. जाड गाळ फावड्यानंच काढावा लागतो, व्हॅक्यूम तो ओढत नाही, तसला हट्ट करू नका. पण पाणी मारून पातळ केल्यावर जो राडा राहतो, कोपऱ्यात, दाराच्या चौकटीखाली, कपाटामागं, तो ह्यानं असा ओढला की खराट्यानं चार वेळा केलं असतं तरी निघाला नसता.

वापरायची रीत आहे. पाणी ओढण्याआधी कागदी फिल्टर आणि पिशवी काढायची, स्पंजची टोपी लावायची. आत एक तरंगता बॉल असतो, ड्रम भरला की तो वर जाऊन हवा बंद करतो, आवाज एकदम बदलतो, तिथं लगेच बंद करायचं. २० लिटरचा ड्रम म्हणजे भरल्यावर २० किलो आणि वर मशीनचं वजन, पाठ सांभाळून, अर्धा झाला की ओता. काम झालं की ड्रम धुऊन पूर्ण वाळवायचा, मगच कोरडा फिल्टर. आणि पुराच्या घरात वायरमननं तपासल्याशिवाय प्लग खुपसू नका, गळती झाली की वीज तोडणारा तो ब्रेकर बसवलेला असेल तरच. पेट्रोल, थिनर, गरम राख कधीच नाही.

ह्या मशीनची मोटर वेगळी, तिला गार करायला स्वतःचा वेगळा पंखा असतो, ओढलेली हवा मोटरवरून जात नाही, त्यामुळे तुंबलं तरी लगेच जळत नाही. एरवी वॉशिंग मशीनचा पाइप निसटला, गच्चीवर पाणी तुंबलं, सिंकखालची घाण, सगळ्याला कामाला येतं. पाइप मागच्या तोंडाला लावला की फुंकतं पण, कूलर आणि पंख्याच्या जाळ्या उडवायला बेस्ट, गॅलरीत नेऊन.

हरिपूरचं_पेव
काका दुसऱ्या मजल्यावर पूर कुठून येणार, विश्रामबागला तर खालीही येत नाही.

गावभागकर
त्यांच्याकडे नाही येणार. पण त्यांचे पाहुणे गावभागात असतीलच की, मागायला कुणाकडं जाणार. 😄

मिरजेचा_तंबोरा
गावभागकर काकांचं पटतं, एकच अडचण. ड्रमवाल्यात कोरडी बारीक धूळ नुसत्या फिल्टरवर ओढली तर फिल्टर भराभर भरतो आणि तो झटकताना परत ढग. अ‍ॅलर्जीवाल्या घरात ड्रममध्ये जाड पिशवी लावूनच वापरा, त्या मॉडेलची पिशवी मिळते का हे आधी बघा. आणि आवाज. टू बीएचकेत ड्रमवाला चालू असताना फोनवर बोलता येत नाही.

सासूबाईंचा_जावई
आमच्याकडे अजून ते जुनं युरेका फोर्ब्सचं मशीन आहे, दारावर टाय लावून आलेल्या माणसानं गादी ओढून पांढऱ्या कापडावर धूळ दाखवली आणि आमच्या आईनं तिथंच हप्ते ठरवले. युरेका फोर्ब्स १९८२ ला सुरू झाली, फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स मिळून, आणि दारोदार जाऊन विकणं हीच त्यांची पद्धत होती. ते पांढरं कापड मात्र मी अजून वापरतो. कुठलंही नवीन मशीन घेताना पाइपाच्या तोंडाला पातळ रुमाल धरायचा, गादीवर टेकवायचा, मिनिटभर ओढायचं. रुमालावर काय येतं ते बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

१९०१ साली इंग्लंडात ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनीअरनं असाच रुमाल हॉटेलातल्या खुर्चीवर धरून तोंडानं हवा ओढली होती म्हणे, धूळ रुमालाला चिकटली आणि त्यावरून त्यानं ओढणारं मशीन बनवलं. त्याचं पहिलं मशीन घोडागाडीवर असायचं, रस्त्यावर उभं करून खिडकीतून पाइप आत सोडायचे.

भडंगप्रेमी
आपल्या मारुती रोडवर ती घोडागाडी उभी केली असती तर ट्रॅफिक हवालदारानं उचलून नेली असती.

शंभरफुटी
ताई, ड्रमवाला घेणार असाल तर सॉकेट बघा. १६०० वॉट म्हणजे साधारण ७ अँपिअर, भिंतीतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. मोठ्या १६ वाल्यावरच लावा. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड तापतो, आणि वायर गुंडाळलेली ठेवून तर अजिबात चालवू नका. १२०० वाला ५ अँपिअरच्या थोडा वर, त्यात निदान ही कटकट नाही.

विश्रामबागवाली
सगळ्यांचे आभार. घरात बैठक झाली 😀 रोबो बाद, कारण बाथरूम आणि किचन दोन्हीला उंबरे आहेत आणि ह्यांनी स्वतः पट्टी लावून मोजले. २००० वॉटवालाही बाद, त्याच्या पिशव्या सांगलीत कुठेच नाहीत, ऑनलाइनसुद्धा 'उपलब्ध नाही'. आता दोनच उरलेत, एक पिशवीवाला आडवा १२०० वॉटचा, एच-१३ लिहिलेला, आणि एक १५ लिटरचा ड्रमवाला. माझा कल आडव्याकडे आहे कारण गाद्यांसाठीच मुख्य घेतोय आणि तो मला एकटीला उचलता येतो. सासूबाईंनी अट घातलीय की केरसुणी टाकायची नाही, ती तशीही राहणारच होती.

एक शंका. जुन्या मशीनच्या नळ्या आणि फटीत जाणारा बारीक ब्रश चांगल्या स्थितीत आहेत, ते नव्याला बसतील का?

कुपवाड_एमआयडीसी
नळीच्या तोंडाचं माप घ्या, आतलं आनि भायेरचं दोन्ही. घरगुतीत जास्त करून ३२ न्हाईतर ३५ मिलिमीटर असतं. जुळलं तर सरळ बसतं. ३ मिलिमीटरचा फरक असला तर रबरी अडॅप्टर मिळतो, चिकटपट्टी गुंडाळू नका, तिथनंच हवा गळती आनि मग म्हणाल नवीन मशिन ओढत न्हाई.

आडवा घेताय ते बेस. पिशव्यांचं एक जादा पाकीट मशिनीबरोबरच घेऊन ठिवा, आनि बिलावर मॉडेल नंबर नीट लिवून घ्या.

गावभागकर
आणि जुनं एक्स्चेंजमध्ये फुकापासरी देऊ नका. सांगाडा भंगारवाल्याला देण्याआधी मोटर आणि वायर वेगळी काढा, तांब्याला वेगळा भाव येतो.